स्कॅन म्हणजे जतन नव्हे

जुन्या चित्रपटांची रिळे सांभाळण्यावर आता पैसा कशाला घालवायचा, असा प्रश्न गेल्या काही वर्षांत उघडपणे विचारला जाऊ लागला आहे. विचारणारे लोक चित्रपटाचे शत्रू नाहीत. त्यांत निर्मात्यांचे वारसदार आहेत, लॅब बंद करावी लागलेले व्यावसायिक आहेत, सरकारी खर्चाला कात्री लावणारे अधिकारी आहेत आणि फिल्म हातात कधी न धरता संगणकावरच संकलन शिकलेली तरुण मंडळीही आहेत. त्यांचे म्हणणे असे: फिल्म हे माध्यम संपले. रिळे कुजतात, पेटतात, जागा अडवतात, त्यांना बारमाही थंडावा लागतो. एकदा ती चांगल्या यंत्रावर स्कॅन केली की चित्रपट सुरक्षित झाला. त्यानंतरही डबे सांभाळणे म्हणजे निव्वळ हळवेपणा.

हे मत चुकीचे आहे, आणि अमलात आणले तर चूक सुधारण्याची सोयही राहत नाही. धोरण बदलता येते, यंत्र बदलता येते. फेकलेले निगेटिव्ह परत आणता येत नाही. म्हणून या मताचा मुद्देसूद प्रतिवाद करणे मला आवश्यक वाटते.

त्यातला खरा भाग आधी मान्य करतो. स्कॅन करायलाच हवे आणि लवकर करायला हवे. ज्या रिळांना व्हिनेगरसारखा आंबूस वास सुटला आहे, ती कोणाच्या सवडीसाठी थांबणार नाहीत. संगणकीय प्रतीमुळे परभणीचा विद्यार्थी प्रभातचा चित्रपट आपल्या गावी बसून पाहू शकतो. धूळ, ओरखडे, चित्राची थरथर आज मूळ रिळाला धक्का न लावता काढता येते. या सगळ्याचे मी स्वागत करतो. माझा विरोध आहे तो पुढच्या पायरीला: प्रत निघाली, आता मूळ टाकून द्या.

ही पायरी जगाने एकदा चढून पाहिली आहे. चित्रपटाच्या जन्मापासून अर्धशतकाहून अधिक काळ व्यावसायिक चित्रपट सेल्युलोज नायट्रेटच्या फिल्मवर निघत. या द्रव्यात जळायला लागणारा ऑक्सिजन आतच असतो, त्यामुळे पेटलेले रीळ पाण्यात बुडवले तरी विझत नाही. ते कुजू लागले की नायट्रोजनची ऑक्साइडे बाहेर पडतात, हवेतल्या ओलाव्याशी मिळून त्यांचे आम्ल होते आणि ते आम्ल चांदीची प्रतिमा खाऊन टाकते. रीळ आधी चिकटते, मग फेसाळते, शेवटी तपकिरी भुकटी उरते. १९४८च्या सुमारास कोडॅकने ट्रायॲसिटेटची ‘सेफ्टी फिल्म’ बाजारात आणली आणि १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला नायट्रेटचे उत्पादन थांबले. तेव्हा संग्रहालयांपुढे हाच युक्तिवाद आला: नायट्रेट टिकणार नाही, सुरक्षित फिल्मवर प्रत काढा आणि मूळ नष्ट करा. अनेक ठिकाणी तसे केले गेले.

पुढे काय झाले? ती ‘सुरक्षित’ ॲसिटेट फिल्मही आतून विघटित होऊ लागली. तिच्यातून ॲसिटिक आम्ल सुटते आणि सुटलेले आम्लच विघटनाचा वेग वाढवत जाते. फिल्म आकसते, वाकते, प्रतिमेचा थर पायापासून सुटतो. दुसरीकडे, नष्ट न करता थंड जागी ठेवलेली पुष्कळ नायट्रेट रिळे धडधाकट राहिली. अमेरिकेत रोचेस्टरच्या जॉर्ज ईस्टमन संग्रहालयात २०१५पासून नायट्रेटच्या मूळ प्रती प्रोजेक्टरवर चालवून दाखवण्याचा महोत्सव भरतो. ज्यांनी प्रत ठेवून मूळ जाळले, त्यांच्या हाती आंबलेली प्रत उरली. ज्यांनी मूळ ठेवले, त्यांच्याकडे मूळ आहे.

याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे फ्रिट्झ लांग यांचा ‘मेट्रोपोलिस’. बर्लिनमधल्या १९२७च्या पहिल्या खेळानंतर हा चित्रपट कापून लहान करण्यात आला आणि कापलेला भाग नाहीसा झाला. २००८मध्ये तो ब्युनोस आयर्सच्या चित्रपट संग्रहालयात सापडला. पण सापडली ती १६ मिलिमीटरची प्रत. मूळ ३५ मिलिमीटरच्या नायट्रेट रिळांवरून ती काढली गेली होती आणि नायट्रेट रिळे त्यानंतर काढून टाकली गेली होती. प्रत काढताना मूळ रिळावरचे ओरखडे प्रतीत छापले गेले. चौकटीची कडही कापली गेली. २०१०मध्ये चित्रपट पुन्हा जुळवला गेला, तेव्हा सुमारे २५ मिनिटांचा तो भाग ओरखड्यांसकट आणि अपुऱ्या चौकटीसकट जोडावा लागला. आज तो पाहताना प्रत्येक ओरखडा सांगतो की मूळ रिळे राहिली असती तर हे चित्र स्वच्छ दिसले असते. प्रत काढणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता. त्यांच्या काळातले यंत्र त्यांना पुरेसे वाटले, इतकेच.

आपल्या काळातले यंत्रही आपल्याला पुरेसेच वाटते. व्हीएचएसच्या काळात टेलिसिनेवरून काढलेली टेप पुरेशी वाटली, मग डीव्हीडी, मग २के, आता ४के. १९६२चा ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ ६५ मिलिमीटरच्या निगेटिव्हवर चित्रित झाला. ५० वर्षांनी तेच निगेटिव्ह ८केमध्ये स्कॅन केले, तेव्हा आधीच्या कोणत्याही प्रतीत न दिसलेला तपशील त्यातून निघाला. २००२चा ‘अटॅक ऑफ द क्लोन्स’ मात्र डिजिटल कॅमेऱ्यावर १९२० गुणिले १०८० बिंदूंमध्ये चित्रित झाला. त्यात त्या दिवशी जेवढे नोंदले गेले तेवढेच आहे. उद्या कितीही चांगले यंत्र आले तरी त्यातून अधिक काही मिळणार नाही. रीळ स्कॅन करून फेकणे म्हणजे १९६२च्या चित्रपटाला २००२च्या चित्रपटाच्या मर्यादेत कोंडणे. त्या मर्यादेतून बाहेर पडण्याचा मार्ग फक्त मूळ निगेटिव्हमधून जातो.

यावर सांगितले जाते की चांगल्या स्थितीतली रिळे ठेवा, पण जळालेली, आकसलेली, बुरशी धरलेली रिळे कशासाठी? याचे उत्तर सत्यजित राय यांच्या ‘पथेर पांचाली’ने दिले आहे. अपु-त्रयीची मूळ निगेटिव्ह १९९३मध्ये लंडनच्या हेंडरसन लॅबमध्ये लागलेल्या आगीत होरपळली. तेव्हा ती कोणत्याही यंत्रात घालण्याजोगी नव्हती. तरी कोणीतरी ते डबे फेकले नाहीत. ते अमेरिकेत, ऑस्कर देणाऱ्या अकॅडमीच्या फिल्म आर्काइव्हमध्ये पडून राहिले. सुमारे २० वर्षांनी बोलोन्याच्या ‘लिम्माजिने रित्रोवाता’ प्रयोगशाळेत ठिसूळ फिल्मला पुन्हा ओलावा देण्यात आला, जळलेल्या कडा हाताने काढल्या गेल्या, छिद्रे नव्याने बसवली गेली. हे हातकाम जवळपास हजार तास चालले. ‘पथेर पांचाली’चा सुमारे ४० टक्के आणि ‘अपराजितो’चा ६० टक्क्यांहून अधिक भाग त्या जळक्या निगेटिव्हमधून मिळाला. उरलेला भाग निरनिराळ्या देशांतल्या संग्रहांत जपलेल्या फिल्मच्या प्रतींतून भरला गेला. १९९३मध्ये ‘आता याचा काय उपयोग’ असे म्हणून डबे टाकले गेले असते, तर २०१५मध्ये जगाने पाहिलेला ‘पथेर पांचाली’ शक्य नव्हता. कोणते रीळ निरुपयोगी, हे आजच्या तंत्राच्या जोरावर ठरवण्याचा अधिकार आपल्याला नाही.

दुसरा मुद्दा पुराव्याचा आहे. रीळ हे चित्राचे वाहन आहे आणि त्याच वेळी ते एक दस्तऐवजही आहे. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन सिनेमात लोकांसमोर आला. चार रिळांच्या या चित्रपटाचा आज जो भाग उपलब्ध आहे तो पहिल्या आणि शेवटच्या रिळाचा. आणि तो खरोखर १९१३चा आहे की फाळक्यांनी १९१७मध्ये पुन्हा केलेल्या चित्रपटाचा, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. असे वाद सोडवायला नुसते चित्र पुरत नाही. ईस्टमन कोडॅकने १९१६पासून फिल्मच्या कडेवर वर्तुळ, चौकोन, त्रिकोण अशा वर्षसूचक खुणा छापायला सुरुवात केली. त्या खुणा २० वर्षांनी पुन्हा येत. प्रत काढताना मूळ फिल्मच्या कडेची खूण नव्या फिल्मवर उमटते, त्यामुळे जाणकार माणूस कड वाचून प्रतीची वंशावळ लावू शकतो. जोड कुठे आहेत, ते कोणत्या पद्धतीने दिले आहेत, छिद्रांचा आकार कोणता, फिल्म किती आकसली आहे, मूकपटात रात्रीच्या दृश्याला निळा रंग दिला असेल तर तो कोणत्या द्रव्याचा, कुठे तुकडा काढला गेला असावा, हे सगळे रीळ सांगते. कडेसकट स्कॅन करणारी यंत्रे आहेत हे खरे. पण उद्याचा संशोधक कोणता प्रश्न विचारेल हे आज स्कॅन करणाऱ्याला माहीत नसते. फाइलमधून फक्त तेवढीच उत्तरे मिळतात जेवढी आपण तिच्यात भरून ठेवली.

मूकपटांच्या बाबतीत तर प्रतीने केलेली दिशाभूल रोज दिसते. मूकपट हाताने फिरवलेल्या कॅमेऱ्यावर निघत आणि त्यांचा वेग सेकंदाला १६ ते २० चौकटींच्या आसपास, पण बदलता असे. ते २४ चौकटींच्या वेगाने टेपेवर उतरवले गेले, त्यामुळे त्यातली माणसे धावत सुटल्यासारखी दिसू लागली. पिढ्यान्‌पिढ्या लोकांचा समज झाला की जुने नट असेच वागत. ध्वनिपट्टीसाठी आखलेल्या खिडकीतून प्रती काढल्या, म्हणून मूकपटाच्या चौकटीची एक बाजू कापली गेली. हे दोष दुरुस्त करता येतात ते फक्त मूळ फिल्म हाताशी असेल तरच.

आता संगणकीय प्रतीच्या टिकाऊपणाकडे येऊ. १९९८मध्ये पिक्सार स्टुडिओत ‘टॉय स्टोरी २’चे काम चालू असताना एका चुकीच्या आज्ञेने चित्रपटाच्या बहुतेक फाइली पुसल्या गेल्या. राखीव साठा तपासला तेव्हा तोही बिघडलेला निघाला. घरून काम करणाऱ्या एका तांत्रिक दिग्दर्शिकेच्या संगणकावर प्रत होती, म्हणून चित्रपट वाचला. ही जगातल्या सर्वांत प्रगत डिजिटल स्टुडिओची कथा आहे. रीळ कुजते, पण सावकाश कुजते आणि कुजताना वास देऊन सांगते. फाइल जाते तेव्हा एका क्षणात जाते आणि कोणी उघडून पाहीपर्यंत कळतही नाही.

शिवाय फाइल ठेवायची म्हणजे ती सतत हलवत राहायची. संग्रहालये ज्या एलटीओ प्रकारच्या चुंबकीय टेपा वापरतात त्यांची पहिली पिढी २०००मध्ये आली, नववी २०२१मध्ये. आठव्या पिढीचे यंत्र फक्त सातव्या आणि आठव्या पिढीच्या टेपा वाचते. म्हणजे दर काही वर्षांनी सगळा साठा नव्या टेपांवर उतरवायचा, प्रत्येक फाइल तपासायची, आणि हे कधीही चुकवायचे नाही. एकदा अर्थसंकल्पात तरतूद झाली नाही, एकदा कंत्राट लांबले, एकदा जाणकार माणूस निवृत्त झाला आणि जागा रिकामी राहिली, की साखळी तुटली. आपल्या सार्वजनिक संस्थांचा अनुभव लक्षात घेता ही साखळी शंभर वर्षे अखंड राहील यावर कोण हमी देईल? १८९५मध्ये लूमिएर बंधूंनी पॅरिसमध्ये वापरलेली फिल्म ३५ मिलिमीटर रुंद होती. आजची फिल्मही तेवढीच रुंद आहे. ती वाचायला दिवा आणि भिंग पुरते.

खर्चाचा मुद्दा विरोधकांना सर्वांत भक्कम वाटतो. अकॅडमीच्याच विज्ञान-तंत्रज्ञान परिषदेने २००७मध्ये ‘द डिजिटल डायलेमा’ हा अहवाल काढला. त्यात एका चित्रपटाची ४के मूळ प्रत संगणकीय स्वरूपात जपण्याचा वार्षिक खर्च १२,५१४ डॉलर आणि फिल्मच्या स्वरूपात जपण्याचा १,०५९ डॉलर धरला होता, म्हणजे जवळपास १२ पट. त्यानंतर साठवणुकीच्या किमती पुष्कळ उतरल्या, त्यामुळे आजचे अंतर तेवढे नसेल. पण टेपा बदलणे, तपासणे, माणसे नेमणे हा खर्च उतरत नाही. थंड कोठार एकदा उभे केले की त्याला वीज आणि देखभाल लागते. नव्या ॲसिटेट फिल्मला २१ अंश सेल्सिअस तापमानात आणि ५० टक्के आर्द्रतेत आंबूस वास सुटायला साधारण ४० वर्षे लागतात. तापमान ५ अंशांच्या आसपास आणि आर्द्रता कमी ठेवली तर तीच फिल्म शतकानुशतके टिकू शकते. भारताचे हवामान दमट आहे, हे रिळे टाकण्याचे कारण होत नाही. कोठारे चांगली बांधण्याचे ते कारण आहे. नायट्रेट पेटते हेही तसेच. पुण्यात जानेवारी २००३मध्ये नायट्रेट रिळांच्या साठ्याला आग लागून मोठे नुकसान झाले. त्यातून धडा घ्यायचा तो साठा विभागून, थंड आणि देखरेखीखाली ठेवण्याचा. साठाच नको, हा धडा त्या आगीने शिकवलेला नाही.

आणि आपण आधीच किती गमावले आहे ते पाहा. भारतात सुमारे १,३०० मूकपट निघाले. पूर्ण किंवा तुकड्यांत उरलेले त्यांपैकी ३०सुद्धा नाहीत. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक सिनेमात लागलेला पहिला भारतीय बोलपट ‘आलम आरा’ पाहायला मिळत नाही. कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी केलेल्या ज्या मूक ‘सावकारी पाश’बद्दल आपण अभिमानाने लिहितो, तोही आपण पाहू शकत नाही. या चित्रपटांचा काळ गेला, त्यांना बाजारात किंमत नाही, जागा अडते, असे म्हणूनच रिळे चांदीसाठी विकली गेली, गळकी गोदामे रिकामी केली गेली. आज आपण पुन्हा तेच शब्द उच्चारत आहोत. फक्त या वेळी हातात स्कॅनरची पावती आहे.

उलट जे वाचले ते रिळे गोळा करणाऱ्यांमुळे वाचले. पुण्यात १९६४मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले आणि पुढल्याच वर्षी तिथे आलेल्या पी. के. नायर यांनी आयुष्य डबे शोधण्यात घातले. फाळक्यांच्या कुटुंबीयांकडून मिळालेले तुकडे त्यांनी जपले. म्हणूनच आज सात वर्षांच्या आसपासची मंदाकिनी फाळके ‘कालिया मर्दन’मध्ये कृष्ण होऊन कॅमेऱ्याकडे पाहताना आपल्याला दिसते. त्या काळी स्कॅनर नव्हता. नायर यांनी रिळे ठेवली म्हणून पुढे स्कॅन करायला काही उरले.

२०२२मध्ये हे संग्रहालय राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात (एनएफडीसी) विलीन झाले. राष्ट्रीय चित्रपट वारसा मोहिमेसाठी सुमारे ५९७ कोटी रुपयांची तरतूद जाहीर झालेली आहे. ही रक्कम मोठी आहे आणि तिचा आनंद आहे. पण किती तास स्कॅन झाले या आकड्यावरच यश मोजले जाऊ नये. किती रिळे योग्य तापमानात आहेत, किती रिळांची दरवर्षी तपासणी होते, याचाही हिशेब लोकांसमोर यायला हवा. पुस्तकासाठी १९५४पासून कायदा आहे; प्रकाशकाला राष्ट्रीय ग्रंथालयाला प्रत द्यावीच लागते. चित्रपटासाठी असा सर्वसाधारण सक्तीचा कायदा अजून नाही. तो व्हावा. महाराष्ट्र शासन मराठी चित्रपटांना अनुदान देते. जनतेच्या पैशातून घडलेल्या प्रत्येक चित्रपटाची जतनयोग्य प्रत सार्वजनिक संग्रहात पोहोचलीच पाहिजे. आणि डिजिटलवर जन्मलेल्या महत्त्वाच्या मराठी चित्रपटांची पॉलिएस्टर फिल्मवर एक प्रत काढून ठेवण्याचा विचार गांभीर्याने व्हावा. हॉलिवूडचे मोठे स्टुडिओ रंगीत चित्रपटांची तीन कृष्णधवल विभाजने अशा फिल्मवर काढून ठेवतात, ते काही हळवेपणाने नव्हे.

शेवटी, ज्यांच्या घरी, गोदामात किंवा बंद पडलेल्या चित्रपटगृहात जुने डबे आहेत त्यांना विनंती. डबा उघडल्यावर आंबूस वास आला तर ते रीळ इतर रिळांपासून वेगळे, थंड आणि हवेशीर जागी ठेवा. प्रोजेक्टरवर चालवून पाहू नका. आकसलेल्या फिल्मची छिद्रे फाटतात. १९५०च्या दशकाच्या आधीचे रीळ असेल तर ते नायट्रेट असू शकते, त्याच्याजवळ ज्योत नेऊ नका. कोणी स्कॅन करून देतो म्हणाले तर जरूर करून घ्या, पण रीळ परत मागून घ्या. आणि ते सांभाळणे तुम्हाला शक्य नसेल, तर भंगारवाल्याला देण्याआधी पुण्याच्या संग्रहालयाला कळवा.